चारशे टेस्ट पास, तरी बिल चुकीचं

प्रश्न: पुण्यात आमची पाच जणांची टीम गृहनिर्माण संस्थांसाठी मेंटेनन्स बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. नियम संस्थेच्या सचिवांकडून कागदावर येतात, त्याप्रमाणे आम्ही कोड लिहितो. चारशेवर ऑटोमेटेड टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत, सगळ्या पास होतात, कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चालून गेलेल्या कोडचं प्रमाण, नव्वद टक्के आहे. तरी बिलं गेली की दर महिन्याला कुठून ना कुठून फोन येतोच: व्याज चुकलं, जीएसटी चुकला. सचिव म्हणतात, 'कागदावर स्पष्ट लिहिलं होतं.' पाहिलं तर खरंच लिहिलेलं असतं. मध्यंतरी गर्किनमध्ये (साध्या वाक्यांत टेस्ट लिहायच्या पद्धतीत) फाइली लिहून पाहिल्या, त्या आमच्याशिवाय कुणी वाचत नाही. नेमकी उदाहरणं घेऊन काम करा असं सगळे सांगतात. पण ती कशी घ्यायची, किती घ्यायची आणि कुणाकडून?

उत्तर: सचिवांनी एक वाक्य लिहिलं, तुम्ही त्याचा एक अर्थ लावला, त्याच अर्थाने कोड लिहिला आणि त्याच अर्थाने टेस्टही लिहिल्या. अशा चारशे टेस्ट इतकंच सांगतात की कोड तुमच्या समजुतीप्रमाणे चालतो. समजूत बरोबर होती का, हे त्यांना विचारलेलंच नाही. कोड लिहिण्याआधी सचिवांच्या समोर आकडे ठेवले, तर हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

तुमच्याच क्षेत्रातलं वाक्य घेऊ. 'मुदतीत बिल न भरल्यास थकबाकीवर द.सा. २१ टक्के दराने सरळव्याज आकारले जाईल.' राज्याच्या २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे आणि अनेक संस्था तीच लावतात. वाक्यात संदिग्ध काही दिसत नाही. आता दोन ओळी लिहा:

| बिल | बिलाची तारीख | मुदत | भरणा | व्याज |
|---|---|---|---|---|
| ४,००० | १ एप्रिल | ३० एप्रिल | ३० एप्रिल | ० |
| ४,००० | १ एप्रिल | ३० एप्रिल | १ मे | ? |

दुसऱ्या ओळीत काय भरायचं? मुदत संपल्यापासून मोजलं तर एक दिवस, म्हणजे २.३० रुपये. मुदत चुकवली म्हणून बिलाच्या तारखेपासून मोजलं तर ३० दिवस, म्हणजे ६९.०४ रुपये. 'महिन्याचा काही भाग म्हणजे पूर्ण महिना' धरला तर ७० रुपये. तिन्ही पद्धती लावणाऱ्या संस्था सापडतील आणि तिन्ही संस्थांच्या कागदावर हेच वाक्य असेल. सचिवांना 'व्याज कसं काढायचं?' असं विचारू नका. ते तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवतील. 'जोशीकाकांनी १ मे रोजी चार हजार भरले, किती रुपये जास्तीचे घ्यायचे?' असं विचारा. उत्तर तत्काळ येईल, किंवा सचिव आणि खजिनदार एकमेकांकडे बघतील. दोन्हींचा तुम्हाला उपयोग आहे.

मात्र आकडा हाताला येईल तो घेऊन चालत नाही. बहुतेक टीम इथेच चुकतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. समजा चार हजारांच्या थकबाकीपैकी १५ मे रोजी २,००० रुपये आले. आलेली रक्कम आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात? १५ मे पर्यंत १५ दिवसांचं व्याज ३४.५२ झालंय. आधी व्याज वळतं केलं तर मुद्दल २,०३४.५२ उरतं आणि ३१ मे अखेर एकूण बाकी २,०५३.२५ होते. आधी मुद्दल वळतं केलं तर तीच बाकी २,०५२.९३. बिल जवळच्या रुपयात काढत असाल तर दोन्हीकडे २,०५३ येतात. म्हणजे हे उदाहरण टेस्टमध्ये घातलंत तर कोड कसाही लिहा, ती पासच होणार. कागदावर उदाहरण आहे, टेस्टही आहे, आणि तपासलं काहीच गेलेलं नाही.

आता थकबाकी ४०,००० घ्या, १५ मे रोजी २०,००० आले असं धरा आणि हिशोब ३० जूनपर्यंत न्या. आधी व्याज: २०,८८४ रुपये. आधी मुद्दल: २०,८७५ रुपये. नऊ रुपयांचा फरक पडला आणि चुकीचा अर्थ आता लपू शकत नाही. उदाहरण निवडताना स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: हा नियम चुकीचा समजणारा माणूस कोणता आकडा काढेल, आणि तो माझ्या आकड्यापेक्षा वेगळा येतो का? येत नसेल तर रक्कम किंवा तारीख बदला.

लीप वर्षाचंही तसंच. भागाकार ३६५ ने की ३६६ ने, हे ४,००० च्या थकबाकीवर फेब्रुवारी २०२४ च्या २९ दिवसांत तपासलं तर ६६.७४ आणि ६६.५६, दोन्ही ६७. चाळीस हजारांवर ६६७ आणि ६६६. आता पुढचा २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये आहे. तोपर्यंत वाट बघायची नसेल तर व्याज काढणाऱ्या फंक्शनला 'आजची तारीख' बाहेरून द्यावी लागेल. सिस्टिमचं घड्याळ आतून वाचणारं फंक्शन उदाहरणांनी तपासणं अवघड जातं. तारखेचं मी मुद्दाम इथे आणलं, कारण उदाहरणं लिहायला बसलं की डिझाइनच्या अशा गाठी आपोआप वर येतात. व्याजाची एक ओळ तपासायला डेटाबेसमध्ये आधी संस्था, विंग, सदस्य, बिल आणि पावती असं सगळं भरावं लागत असेल, तर चूक टेस्टची नाही. हिशोब आणि साठवण एकाच ठिकाणी गुंतलेत. मुद्दल, दर, दोन तारखा आणि आलेल्या रकमा घेऊन व्याज परत देणारा तुकडा वेगळा काढा. मग वरचा तक्ता जसाच्या तसा जेयुनिट किंवा पायटेस्टच्या (जावा आणि पायथनमधली टेस्टची साधनं) पॅरामीटर असलेल्या टेस्टमध्ये बसतो, एका ओळीची एक टेस्ट.

जीएसटीकडे वळू, कारण फोन त्यावरूनही येतात. नियम असा सांगितला जातो: 'सदस्यामागे महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत सूट.' मग ९,००० रुपयांच्या मेंटेनन्सवर कर किती? पूर्ण रकमेवर १८ टक्के म्हणजे १,६२०. की वरच्या १,५०० वर, म्हणजे २७०? हा गोंधळ इतका खरा होता की केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २२ जुलै २०१९ च्या परिपत्रकात नेमकं हेच ९,००० चं उदाहरण देऊन पूर्ण रकमेवर कर लागेल असं म्हटलं. पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने उलट अर्थ लावला, फक्त वाढीव रकमेवर कर. सरकार आणि न्यायालय यांच्यात जिथे दोन अर्थ निघाले, तिथे तुमच्या टीमने एका वाक्यावरून बरोबर तोच अर्थ काढावा ही अपेक्षाच चुकीची. कोणता अर्थ लावायचा ते संस्थेच्या सीएंना ठरवू द्या, पण उदाहरणं तुम्ही त्यांच्यासमोर ठेवा: ७,४९९, ७,५०० आणि ७,५०१. तिसरं सगळ्यात बोलकं आहे. एका अर्थाने त्यावर कर १,३५०.१८ रुपये, दुसऱ्या अर्थाने १८ पैसे. दुसरं उदाहरण कोडमध्ये 'पेक्षा जास्त' लिहिलंय की 'पेक्षा जास्त किंवा इतकं', ही चूक पकडतं. पहिलं खरं तर फारसं काही पकडत नाही. काढून टाकलंत तरी चालेल.

त्याच परिपत्रकात एक छोटा तक्ताही आहे, कारण ही सूट दोन अटींवर अवलंबून आहे:

| संस्थेची वार्षिक उलाढाल | सदस्यामागे महिन्याला | जीएसटी |
|---|---|---|
| २० लाखांहून जास्त | ७,५०० हून जास्त | लागतो |
| २० लाखांहून जास्त | ७,५०० किंवा कमी | नाही |
| २० लाख किंवा कमी | ७,५०० हून जास्त | नाही |
| २० लाख किंवा कमी | ७,५०० किंवा कमी | नाही |

अटी दोन किंवा तीन असतील तेव्हा असा पूर्ण तक्ता मांडा, एकही खाना सोडू नका. तिसरी ओळ विसरणारे कोड भरपूर आहेत. अटी चार-पाच झाल्या की ओळी सोळा-बत्तीस होतात आणि कुणी वाचत नाही. तेव्हा नियम तोडून दोन वेगळे तक्ते करा.

या तक्त्यात न दिसणाऱ्या तीन गोष्टी मात्र वेगळ्या उदाहरणांनीच बाहेर येतात. पहिली, तिमाही बिल. २१,००० रुपयांचं तिमाही बिल म्हणजे महिन्याला ७,०००, सूट आहे. पण कोडने बिलाची रक्कम थेट ७,५०० शी ताडली तर त्यावर ३,७८० रुपये कर लागेल. दुसरी, एकाच्या नावावर दोन फ्लॅट. दोन्हींचे प्रत्येकी ७,५०० मिळून १५,००० होतात, तरी मर्यादा प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र लागते, हेही त्याच परिपत्रकात उदाहरणासह आहे. तिसरी, जुनी बिलं. ही मर्यादा २५ जानेवारी २०१८ च्या आधी ५,००० होती. कुणी डिसेंबर २०१७ चं बिल दुरुस्त करायला घेतलं तर ६,००० रुपयांवर कर लागायला हवा आणि फेब्रुवारी २०१८ च्या त्याच रकमेवर नको. नियम बदलला की जुनी ओळ खोडून नवी लिहू नका. तक्त्यात तारखेचा स्तंभ वाढवा आणि दोन्ही ओळी ठेवा. शिवाय ७,५०० मध्ये महापालिकेचा मालमत्ता कर धरायचा का, हा प्रश्न सीएंना त्याच बैठकीत विचारून घ्या.

बिनभोगवटा शुल्काचं, म्हणजे सदस्य स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाच्या शुल्काचं, थोडक्यात. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. उदाहरणात एकूण बिल आणि सेवाशुल्क हे दोन आकडे वेगळे ठेवा: बिल ५,०००, त्यातलं सेवाशुल्क २,८००, तर शुल्क २८०, पाचशे नव्हे. एक ओळ भाडेकरूची, एक सदस्याचा भाऊ राहतो अशी, एक कुलूपबंद फ्लॅटची. शेवटच्या ओळीवर समितीत वाद होईल. होऊ द्या, तुमच्या कोडमध्ये होण्यापेक्षा बरा.

आता अपेक्षित उत्तर कुठून आणायचं? कोड चालवून आलेला आकडा उचलून टेस्टमध्ये टाकणं हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट आहे. अशी टेस्ट चूकच जपून ठेवते, आणि उद्या कुणी ती दुरुस्त केली की उलट ओरडते. कोड वाचून टेस्ट लिहून देणारी एआयची साधनं हेच जास्त वेगाने करतात. त्यांना कोडऐवजी नियमाचं वाक्य द्या आणि आकडा मात्र स्वतः पडताळा. उत्तर कागद-कॅल्क्युलेटरवर किंवा एक्सेलमध्ये काढलेलं असावं, शक्यतो खजिनदारांनी. त्याहून चांगला स्रोत म्हणजे संस्थेची जुनी बिलं. त्यातली सरळसोट नकोत. भांडण झालेली, पेनने दुरुस्त केलेली, अर्धवट भरलेली, महिन्याच्या मध्यात फ्लॅट विकला गेलेली मागा. नावं आणि फ्लॅट क्रमांक बदलून घ्या, ती माहिती टेस्टच्या फाइलीत राहायला नको.

रक्कम जवळच्या रुपयात आणणं हा एक स्वतंत्र खड्डा आहे. पायथनचं 'राउंड' फंक्शन बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं: ६९४.५ चे ६९४ होतात, ६९५.५ चे ६९६. संस्थेत मात्र पन्नास पैसे म्हणजे पुढचा रुपया असाच हिशोब चालतो. टेस्टमध्ये फक्त ६९५.५ असेल तर चूक दिसणार नाही, ६९४.५ घ्या. आणि रक्कम फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवत असाल तर आज थांबवा. पायथनमध्ये डेसिमल आणि जावात बिगडेसिमल वापरा, किंवा सरळ रुपयांऐवजी पैशांत मोजून रक्कम पूर्णांकात साठवा.

काही नियमांना मात्र एकेक उदाहरण पुरत नाही. लिफ्टचा २५,००० रुपयांचा खर्च ३६ फ्लॅटमध्ये समान वाटायचा (तळमजल्यावाल्यांनाही, हा वाद इथे नको). प्रत्येकी ६९४.४४ घेतले तर १६ पैसे कमी पडतात. ६९४ घेतले तर १६ रुपये. उरलेले कुणाच्या बिलात घालायचे, हे एका उदाहरणाने ठरवा. पण 'सगळ्या बिलांची बेरीज खर्चाइतकीच यावी' हे कोणत्याही रकमेला आणि कितीही फ्लॅटना खरं असायला हवं. त्यासाठी पायथनमध्ये हायपोथेसिस, जावात जेक्विक अशी साधनं आहेत. ती स्वतःच शेकडो रकमा तयार करून अट मोडते का ते पाहतात आणि मोडली तर सगळ्यात लहान मोडणारं उदाहरण हातात देतात. ते उदाहरण उचलून तुमच्या तक्त्यात टाका. ही कल्पना हॅस्केल भाषेतल्या क्विकचेकपासून आली, नवी नाही. बिलिंग करणाऱ्यांनी ती अजून फारशी वापरलेली नाही इतकंच.

बैठक कशी घ्यायची? सचिव किंवा खजिनदार, एक डेव्हलपर, एक टेस्टर, एवढे पुरे. एका वेळी एकच विषय, अर्धा तास. चार रंगांचे कागद घ्या: विषयाला पिवळा, नियमाला निळा, उदाहरणाला हिरवा, उत्तर न मिळालेल्या प्रश्नाला लाल. मॅट वीन यांनी मांडलेली ही पद्धत 'एक्झाम्पल मॅपिंग' नावाने ओळखली जाते. अर्ध्या तासात निळे कागद सात-आठ झाले तर विषय मोठा आहे, तोडा. लाल जास्त झाले तर कोडला हात लावू नका; उत्तरं आल्यावर बसा. एखाद्या निळ्या कागदाखाली एकही हिरवा नसेल तर तो नियम कुणालाच कळलेला नाही असं धरा. बैठकीत 'जर-तेव्हा' अशा वाक्यरचनेत लिहिण्याचा हट्ट धरू नका. 'मुदतीनंतर एका दिवसाने भरलं' एवढा मथळा आणि खाली दोन आकडे पुरतात.

तुमच्या गर्किनच्या फाइली कुणी का वाचत नाही, हे त्या न पाहताही सांगता येईल: त्यांत बहुधा 'लॉगिन करा', 'मेनूवर क्लिक करा', 'सेव्ह बटण दाबा' अशा वीस ओळी असतील आणि नियम एकविसाव्या ओळीत. सचिवांना बटणात रस नाही. हिशोबाची फाइल एवढीच असावी:

जर ४०,००० रुपयांच्या बिलाची मुदत ३० एप्रिल होती
आणि व्याजदर द.सा. २१ टक्के होता
आणि १५ मे रोजी २०,००० रुपये भरले
जेव्हा ३० जूनची बाकी काढली
तेव्हा बाकी २०,८८४ रुपये दिसते

सदस्याचं नाव नाही, विंग नाही, ईमेल नाही. उत्तरावर परिणाम करणारं तेवढंच. गर्किन मराठी शब्द स्वीकारतं, फाइलीच्या पहिल्या ओळीत भाषा सांगितली की झालं. पण खरं सांगायचं तर तुमच्या सचिवांना एक्सेलचा तक्ता जास्त रुचेल. तोच सीएसव्ही करून टेस्टला वाचू द्या आणि गर्किन सोडून द्या. गर्किनच्या फाइली चालवणाऱ्या क्यूकंबरमागे स्टेपची, म्हणजे प्रत्येक वाक्याची कोडशी, जुळणी सांभाळण्याचा खर्च पाच जणांच्या टीमला परवडणारा नाही.

किती उदाहरणं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एका नियमाला सहा ते दहा ओळी हा साधारण अंदाज, पण मोजण्यापेक्षा प्रत्येक ओळीपुढे 'ही का आहे' असा एक स्तंभ ठेवा. 'मुदतीचा शेवटचा दिवस', 'अर्धवट भरणा', 'लीप वर्ष'. दोन ओळींचं कारण एकच निघालं तर एक काढा. कारण लिहिता आलं नाही तर तीही काढा. तुमच्या चारशे टेस्टमधल्या बऱ्याच इथेच गळतील.

उरलेल्या खरंच पकडतात का, हे कव्हरेजवरून कळत नाही. कव्हरेज फक्त ओळ चालली एवढंच सांगतं. त्यासाठी कोड मुद्दाम बिघडवून बघा. ७,५०० च्या तुलनेत 'जास्त' चं 'जास्त किंवा इतकं' करा, ३६५ चे ३६० करा, व्याज आधी वळतं करण्याऐवजी मुद्दल आधी करा. प्रत्येक बदलानंतर निदान एक टेस्ट फेल व्हायला हवी. जावात पिट, पायथनमध्ये म्यूटमट, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रायकर असे छोटे बदल आपोआप करून बघतात, पण वेळखाऊ असतात. सगळ्या कोडवर चालवू नका, व्याज आणि कर या दोन फोल्डरवर रात्री लावून ठेवा.

सुरुवात व्याजापासूनच करा. ज्या संस्थेतून सगळ्यात जास्त फोन येतात तिच्या खजिनदारांना मागच्या वर्षभरातली वादाची पाच बिलं मागा आणि व्याजाचा आकडा झाकून तुमच्या पाचही जणांना ती स्वतंत्रपणे हाताने सोडवायला द्या. ज्या बिलावर पाच जणांची उत्तरं जुळणार नाहीत, ते तुमचं पहिलं उदाहरण.